नाव कटलं, पुढे काय?

फौजेतल्या माणसाची वार्षिक रजा साठ दिवसांची. सातारा-सांगलीकडच्या गावांना हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. रजेवर येणारा जवान खांद्यावर बॅग घेऊन उतरतो. एखादा मात्र काळी ट्रंक घेऊन उतरलेला असतो, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. एकसष्टाव्या दिवशीही तो पारावर दिसतो, तेव्हा कोणीतरी विचारतं, "वाढवून घेतली का रजा?" तो हो म्हणतो. पुढे कोणी काही विचारत नाही, कारण सगळ्यांना कळलेलं असतं: फौजेतून काढलंय. नाव कटलं.

कारण दारू असेल तर गाव सांभाळून घेतं. ड्रग्ज म्हटलं की दार बंद. अपशिंगे गावाला 'अपशिंगे मिलिटरी' हे नाव लागलेलं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातून ४६ जण कामी आले. अशा मुलखात गांजाच्या किंवा गोळ्यांच्या पायी घरी पाठवलेला मुलगा म्हणजे घराला लागलेला डाग, असं मानून घरचेच त्याच्या कागदांची फाइल ट्रंकेत घालून कुलूप लावतात. आणि ड्रग्ज हे मुंबईचं काहीतरी, हा समज तर केव्हाच मोडला आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुपवाडमधून मेफेड्रोनचा साठा पकडला आणि पुढच्याच महिन्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत मेफेड्रोन बनवणारा कारखाना सापडला. रजेवर आलेल्या जवानाला ते चाखायला मुंबईला जावं लागत नाही.

हा लेख त्या बंद ट्रंकेसाठी आहे. ज्याचं नाव कटलं त्याच्यासाठी, आणि त्याहून जास्त त्याच्या बायकोसाठी आणि वडिलांसाठी, कारण असे कागद प्रत्यक्षात हलवतात ते हेच.

आधी एक गैरसमज. मोबाइलवर शोधलं की 'डिस्चार्ज अपग्रेड' असा शब्द सापडतो. तो अमेरिकेचा. तिथे सैन्यातून बाहेर पडणाऱ्याच्या कागदावर सन्मानाच्या पायऱ्या असतात: ऑनरेबल, जनरल, अदर दॅन ऑनरेबल, बॅड कंडक्ट, डिसऑनरेबल. खालची पायरी मिळालेल्या बहुतेकांना ती वर नेण्यासाठी डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे फॉर्म भरता येतो, त्यासाठी पंधरा वर्षांची मुदत असते. युद्धाच्या मानसिक आघातातून आलेल्या गैरवर्तनाकडे उदारपणे पाहा, अशी सूचना तिथल्या संरक्षण खात्याने २०१४ मध्ये दिली. भाचा न्यू जर्सीत असेल तर तो हे सगळं फोनवर सांगेल आणि चांगल्या मनाने सांगेल. पण आपल्याकडे असं बोर्ड नाही, असा फॉर्म नाही आणि पंधरा वर्षंही नाहीत. आपल्याकडे आहे तो सैन्य कायदा १९५०, त्याखालचे १९५४ चे नियम, पेन्शनचे नियम आणि सशस्त्र दल न्यायाधिकरण. अपग्रेड मागायला गेलात तर कोणतंच ऑफिस तुमचा अर्ज ओळखणार नाही. मागायचं असतं ते वेगळ्या शब्दांत, आणि कोणत्या शब्दांत ते तुम्ही कोणत्या दाराने बाहेर पडलात यावर ठरतं.

म्हणून पहिलं काम: डिस्चार्ज बुक उघडा आणि 'कॉज ऑफ डिस्चार्ज' समोर काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचा. बरोबर आलेली ऑर्डरही वाचा. "फौजेतून काढला" हे गावाचं वाक्य झालं. कायद्याला डिसमिस, रिमूव्हल, डिस्चार्ज आणि मेडिकल बोर्डावर घरी पाठवणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत.

सगळ्यात कडक ती डिसमिसल. ती कोर्ट मार्शलने होते किंवा सैन्य कायद्याच्या कलम २० खाली प्रशासकीय आदेशाने. जेसीओच्या (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरच्या) खालच्या रँकचा माणूस असेल तर ब्रिगेड कमांडरलाही तो अधिकार आहे. रिमूव्हल त्याच कलमाखाली, पण पेन्शनच्या दृष्टीने थोडं सौम्य. तिसरा प्रकार नियम १३ खालचा डिस्चार्ज. लाल शाईच्या एंट्र्या (शिक्षांच्या नोंदी) साठल्या म्हणून 'सर्व्हिस नो लाँगर रिक्वायर्ड' लिहून घरी पाठवतात तो हा. चौथ्या प्रकारात मानसोपचार तज्ज्ञाच्या अहवालावर मेडिकल बोर्ड बसतं आणि माणूस बोर्ड-आऊट होतो. यातल्या प्रत्येकाचा रस्ता वेगळा आणि पैशाचा हिशेबही वेगळा.

पैशाचा हिशेब आधी सांगतो, कारण लढायचं की नाही हे त्यावर ठरवावं, रागावर ठरवू नये. जवान आणि जेसीओ यांना पेन्शनसाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. सोळा वर्षं झालेला हवालदार डिसमिस झाला तर त्याची आधीची सगळी सेवा पेन्शन आणि ग्रॅच्युइटीसाठी पाण्यात जाते. तोच हवालदार डिस्चार्ज झाला असता तर पेन्शन चालू राहिली असती. म्हणजे इथे एका शब्दाची किंमत आयुष्यभराचं पेन्शन आणि माघारी बायकोचं फॅमिली पेन्शन एवढी आहे. लढायलाच हवं. सात वर्षांच्या शिपायाचं डिसमिसल डिस्चार्जमध्ये बदललं तर त्याला ग्रॅच्युइटी मिळेल, पेन्शन नाही. तरीही पुढची नोकरी शोधताना तो शब्द उपयोगी पडतो. तीन वर्षांत बाहेर पडलेल्याने मात्र शांत बसून विचार करावा. अग्निवीराला मुळातच पेन्शन नाही. त्याच्यासाठी प्रश्न उरतो तो पुढच्या भरतीच्या वेळी समोर येणाऱ्या चारित्र्याच्या शेऱ्याचा.

माजी सैनिक या दर्जाचंही असंच. केंद्राच्या व्याख्येत डिसमिस झालेला, किंवा गैरवर्तन अथवा अकार्यक्षमतेमुळे डिस्चार्ज झालेला माणूस बसत नाही. नोकरीतलं आरक्षण, सैनिक कल्याण कार्यालयाच्या योजना, घरपट्टीची माफी हे सगळं त्या व्याख्येला बांधलेलं आहे. म्हणून नुसतं "डिसमिसचं डिस्चार्ज करा" एवढं मागून भागत नाही. डिस्चार्ज कोणत्या कारणाने दाखवायचा, हेही मागणीत लिहावं लागतं. वकिलाने मसुदा दाखवला की ही ओळ त्यात आहे का, ते बघा.

आता एकेका दाराकडे वळू.

कोर्ट मार्शलमध्ये जवानाच्या वाट्याला बहुतेक वेळा येतं ते समरी कोर्ट मार्शल. युनिटचा कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ साहेबच कोर्ट. वकील सहसा नाही, फार तर 'फ्रेंड ऑफ द अॅक्यूज्ड' म्हणून एखादा साहेब शेजारी बसलेला. एका सकाळी सुरू होतं आणि दुपारच्या चहाआधी संपतं. लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरच्या रँकचा सीओ एक वर्षापर्यंत कैद आणि वर डिसमिसल देऊ शकतो. घरी आलेल्या जवानाला विचारा, काय झालं? "साहेब म्हणाले कबूल कर, हलकी शिक्षा देतो. कबूल केलं." ही एकच गोष्ट वेगवेगळ्या रेजिमेंटच्या माणसांकडून ऐकायला मिळते, आणि कायद्याच्या दृष्टीने ती बिनमहत्त्वाची नाही. गुन्हा कबूल करणाऱ्याला त्या कबुलीचा अर्थ आणि परिणाम समजावून सांगणं, आणि तसं केल्याची नोंद ठेवणं, हे नियम ११५ ने बंधनकारक आहे. आरोप सांगितल्यापासून खटला उभा राहीपर्यंत किमान ९६ तास मिळायला हवेत, प्रत्यक्ष कारवाईच्या क्षेत्रात २४ तास. कबुलीवर सही आहे का, कोणत्या तारखेची, चार्जशीट हातात कधी पडलं, कोर्ट कधी बसलं, या चार गोष्टी कागदावर शोधा. आधी कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर नियम १८० बघा: माणसाच्या चारित्र्यावर किंवा फौजी अब्रूवर बोट ठेवलं जात असेल तर त्याला सगळा वेळ हजर राहू देणं आणि साक्षीदारांना प्रश्न विचारू देणं भाग आहे. "मला बाहेर बसवलं होतं" हे वाक्य चिडून सांगण्याऐवजी तारखेसह लिहून काढा.

ड्रग्जच्या खटल्यात आणखी एक धागा असतो: पुरावा. लघवीचा नमुना कोणी घेतला, कोणासमोर सील झाला, कुठे तपासला, अहवाल फाइलमध्ये आहे का? की नुसतं 'वास येत होता, डोळे लाल होते' यावर काम उरकलं? ट्रंकेत पुडी सापडली असेल तर झडती कोणी घेतली, पंच कोण होते, पदार्थ खरोखर काय होता हे प्रयोगशाळेने सांगितलं का? पुष्कळदा इथेच भोकं सापडतात.

कोर्ट मार्शलच्या शिक्षेविरुद्ध कलम १६४ खाली अर्ज करता येतो. समरी कोर्ट मार्शलचे कागद कलम १६२ प्रमाणे वरिष्ठ कमांडरकडे जातातच. तो शिक्षा कमी करू शकतो, पण प्रकरणाच्या गुणावगुणावर, निव्वळ तांत्रिक चुकीवर नाही. ही तंबी लक्षात ठेवा. फौजेकडे जाणाऱ्या अर्जात नुसत्या नियमांच्या आकड्यांचा मारा करू नका. सेवा किती, कुठे कुठे, पदकं कोणती, पहिलीच चूक की कसं, शिक्षा किती जड, हे लिहा. नियमांचे आकडे न्यायाधिकरणासाठी राखून ठेवा.

शिक्षा जड आहे या मुद्द्याला आपल्या न्यायालयांत जुना आधार आहे. १९८७ चा रणजित ठाकूर खटला बघा. कोठडीत असताना जेवण नाकारलं म्हणून एका सिग्नलमनला एक वर्षाची सक्तमजुरी आणि डिसमिसल दिलं गेलं. ज्या साहेबाविरुद्ध त्याने तक्रार केली होती, तोच साहेब कोर्टात बसला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो सगळा खटला रद्द केला आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने असावी हे तत्त्व फौजी शिक्षेलाही लावलं. ड्रग्जचा गुन्हा जेवण नाकारण्याएवढा हलका नाही, हे मान्य. पण एकदा ओढलेली चिलीम आणि पंधरा वर्षांची सेवा एका तराजूत घालायची, तर तो तराजू कोर्टाने हातात घेतलेला आहे.

नियम १३ खालच्या डिस्चार्जची गोष्ट मला जास्त आशेची वाटते. चार लाल एंट्र्या झाल्या की घरी, असं युनिटमध्ये सर्रास समजलं जातं. तसा नियम नाही. सेना मुख्यालयाचं २८ डिसेंबर १९८८ चं पत्र याच्या उलट सांगतं. चार लाल एंट्र्यांवर डिस्चार्ज सक्तीचा नाही. सीओने प्रत्येक एंट्री कशाबद्दल ते बघावं. पेन्शनच्या जवळ आलेल्या माणसाशी कठोर वागू नये. त्याने काढलेली लांब सेवा, कठीण ठाणी, हालअपेष्टा मोजाव्यात. आणि त्याआधी प्राथमिक चौकशी व्हावी. १६ ऑक्टोबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने वीरेंद्र कुमार दुबे खटल्यात हेच पत्र पुढे ठेवून डिस्चार्ज रद्द केला. थकलेला पगार दिला नाही, पण पेन्शनला लागणारी सेवा पूर्ण होईपर्यंत तो माणूस नोकरीतच होता असं धरायला लावलं. लाल एंट्र्यांवर घरी आलेल्या प्रत्येकाने हा निकाल छापून घ्यावा आणि आपल्या ऑर्डरशी ताडून बघावा. कारणे दाखवा नोटीस होती का? तिला उत्तर दिलं का? चौकशी झाल्याचा कागद आहे का? सियाचीन, राजौरी, तवांग, जिथे जिथे काढले ते महिने कोणी विचारात घेतले का?

तिसरी शक्यता अशी की रजेवर असताना इथल्याच पोलिसांनी पकडलं आणि खटला एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली सातारा किंवा सांगलीच्या न्यायालयात चालला. नागरी फौजदारी न्यायालयात शिक्षा झाली की कलम २० खाली डिसमिस करताना नियम १७ ची कारणे दाखवा नोटीस द्यावी लागत नाही. म्हणून इथे खरी लढाई जिल्हा न्यायालयातली असते, फौजेतली नव्हे. अपिलात सुटलात तर निकालाची प्रमाणित प्रत जोडून डिसमिसलचा फेरविचार ताबडतोब मागा. सुटका झाली म्हणून आपोआप पट्टा परत मिळत नाही. एनडीपीएस कायद्यातल्या कलम ६४अ ची माहिती मात्र प्रत्येक घरात असावी: अल्प प्रमाणात बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. पण ते उपचार अर्धवट सोडले तर संरक्षण जातं.

मेडिकल बोर्डाचं प्रकरण नाजूक. व्यसन म्हणजे दारू, तंबाखू किंवा ड्रग्जच्या अतिरेकातून आलेलं अपंगत्व भरपाईला पात्र नाही, कारण ते माणसाच्या स्वतःच्या हातात असतं, अशी पेन्शन नियमांची भूमिका आहे. त्यामुळे व्यसनाच्या जोरावर डिसॅबिलिटी पेन्शन मागायला जाऊ नका. पण कधीकधी उलटं असतं. आधी झोप उडते, जीव घाबरा होतो, सोबतचा गेलेला असतो, आणि मग गोळ्या सुरू होतात. व्यसन हे तिथे मूळ दुखणं नसतं, वरचा फोड असतो. अशा वेळी भरतीच्या वेळच्या तपासणीत मानसिक आजाराची नोंद नव्हती हे महत्त्वाचं. २०१३ च्या धरमवीर सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेतच आला असं सामान्यतः धरावं, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची. यासाठी तीन कागद मिळवा: मानसोपचाराकडे पाठवताना सीओने भरलेला एएफएमएसएफ-१० अहवाल, बोर्डाचा एएफएमएसएफ-१६, आणि मिलिटरी हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्याची पानं. एएफएमएसएफ-१० च्या अहवालात सीओने "फील्डमधून आल्यापासून वागणं बदललं" असं एक वाक्य लिहिलेलं असेल, तर ते वाक्य वकिलाच्या दहा पानांपेक्षा भारी आहे.

कागद मिळवायचे कुठून? तुमच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडून. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. कोर्ट मार्शल झालेल्याला त्या कामकाजाची प्रत मागण्याचा हक्क नियम १४७ ने दिला आहे. पण हे कागद फौज कायम जपून ठेवत नाही. काही वर्षांनी ते नष्ट केले जातात. म्हणून लाज, भांडण, रुसवा यात दोन-तीन वर्षं घालवलेला माणूस पुढे कागदाविना उभा राहतो. अर्ज साधा असू द्या: नंबर, रँक, नाव, युनिट, भरतीची तारीख, नाव कटल्याची तारीख, हवे असलेले कागद. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच चिकटवून ठेवा. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. स्वतःच्या सेवेचे कागद माणूस स्वतः मागतो तेव्हा 'खासगी माहिती' म्हणून नाकारायला जागा फारशी उरत नाही.

आता न्यायाधिकरण. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा यांच्यासाठी खंडपीठ मुंबईला. नाव काश्मीरमध्ये कटलं असलं तरी, सेवेतून बाहेर पडलेला माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठात जाऊ शकतो. तेव्हा जम्मूच्या वकिलाला पैसे पाठवायची गरज नाही. समरी कोर्ट मार्शलची सगळी प्रकरणं तिथे चालत नाहीत. शिक्षा डिसमिसलची किंवा तीन महिन्यांहून जास्त कैदेची असेल तरच चालतात. आपला विषय डिसमिसलचाच असल्याने दार उघडं आहे. कोर्ट मार्शलची शिक्षा जास्त, बेकायदा किंवा अन्यायाची वाटली तर ती माफ करणं, सौम्य करणं, दुसऱ्या हलक्या शिक्षेत बदलणं हे अधिकार कलम १५ ने न्यायाधिकरणाला दिलेत. डिसमिसलचं डिस्चार्ज होतं ते या कलमातून. त्याच कलमात शिक्षा वाढवण्याचाही अधिकार आहे, हे वकील सांगायला विसरतात. वाढवण्याआधी तुम्हाला ऐकून घ्यावं लागतं, पण धोका शून्य नाही. ज्याच्याकडे विकण्याइतका माल सापडला होता त्याने हे दोनदा वाचावं. माझं मत विचाराल तर ओढणारा आणि विकणारा यांना कोर्ट एका डोळ्याने बघत नाही, बघूही नये. विकणाऱ्याच्या घरच्यांनी आहे ती रक्कम वकिलावर न घालता मुलांच्या शाळेवर घालावी.

आधी फौजेकडे अर्ज, मग न्यायाधिकरण, हा क्रम. अर्ज टाकून सहा महिने उत्तरच नाही आलं तर पुढच्या सहा महिन्यांत न्यायाधिकरणात जाता येतं. उत्तर आलं तर उत्तरापासून सहा महिने. कोर्ट मार्शलविरुद्धचं अपील निराळ्या कलमाखाली असतं, त्याची मुदत पहिल्याच भेटीत विचारून कॅलेंडरवर लिहा. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, पण कारण द्यावं लागतं. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होतो, हे कारण चालू शकतं, दाखला असेल तर. गावात लाज वाटत होती, हे चालत नाही.

न्यायाधिकरणातही हरलात तर? २०२३ च्या मार्चमध्ये परशोत्तम दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येते. आपल्यासाठी आणखी एक सोय झाली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. तुमची रिट तिथे बसते का, ते वकिलाकडून आधी खात्री करून घ्या.

ज्यांना डिसमिसलचा निकाल लागून फार वर्षं झाली त्यांच्यासाठी एक बारीक वाट उरते. पेन्शन नियमांत, जुन्या १९६१ च्या नियमांत ११३ आणि २००८ च्या नियमांत ४१, अशी तरतूद आहे की डिसमिस झालेल्यालाही अपवादात्मक परिस्थितीत, त्याने अपील केल्यास, पूर्ण किंवा कमी दराने पेन्शन किंवा ग्रॅच्युइटी देता येते. इथे शिक्षा चुकीची होती असं म्हणायचं नसतं. शिक्षा मान्य, पण अठरा वर्षांची सेवा, म्हातारे आईबाप, शेती कोरडवाहू, व्यसन सुटून इतकी वर्षं झाली, पोलिसांत एकही नोंद नाही, हे मांडायचं. हक्काने नाही, विनंतीने. मला वाटतं फौजेतून काढलेल्या माणसांच्या घरी सर्वात कमी माहीत असलेला नियम हाच. डिसमिसलची ऑर्डर ही एकदाच घडलेली घटना म्हणून जुनी झाली की तिला आव्हान देणं अवघड जातं. पेन्शन नाकारलं जाणं मात्र दर महिन्याला घडतं असं म्हणता येतं. २००८ च्या तरसेम सिंह खटल्यापासून अशा पेन्शनच्या दाव्यात मागची थकबाकी साधारण तीन वर्षांपुरती मिळते, पुढचं पेन्शन चालू होतं.

आणि या सगळ्याच्या आधी, खरं तर या सगळ्याच्या मुळाशी, व्यसन सुटलेलं असायला हवं. हे मी नीतीचा उपदेश म्हणून लिहीत नाही, पुरावा म्हणून लिहितो. "मी सुधारलो" हे वाक्य न्यायाधीशांनी फार वेळा ऐकलेलं आहे. उपचाराच्या दाखल्याच्या तारखा, नियमित भेटींचा कागद, तपासणीचे अहवाल, जिथे काम करतो तिथल्या मालकाचं पत्र, यातून ते वाक्य उभं राहतं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन केंद्र आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये उभं केलेलं मुक्तांगण आहे. देशभराचा १४४४६ हा मोफत क्रमांक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि ड्रग्जशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत, तेव्हा उपचाराला जाणं म्हणजे गुन्ह्याची कबुली, हा जवानांचा जुना धाकही आता सोडायला हरकत नाही. घरच्यांनो, पहिले सहा महिने त्याच्याकडून अर्जावर सही घ्या, पण त्याला रेकॉर्ड ऑफिसच्या फेऱ्या मारायला लावू नका. फेऱ्या तुम्ही मारा. त्याला बेळगावच्या बस स्टँडवर जुने सोबती भेटले की गाडी पुन्हा रुळावरून घसरते.

वकिलाचे पैसे नाहीत ही अडचण खरी. सातारा आणि सांगली दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायालयाच्या आवारातच असतं. महिलेला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. म्हणून पेन्शनचा किंवा निर्वाहाचा प्रश्न असेल तर बायकोने अर्ज केल्याने काम सोपं होतं. २६ जुलै २०२५ ला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिकांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे, तिच्याबद्दल जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. डिसमिस झालेल्याला माजी सैनिक मानत नाहीत म्हणून तिथल्या खिडकीवर कपाळाला आठ्या दिसतील. तरी माहिती विचारायला कुणी मनाई करू शकत नाही. आणि "दिल्लीत माझी ओळख आहे, दीड लाखात डिस्चार्ज बुक नवं करून देतो" असं सांगणारा माणूस प्रत्येक तालुक्यात एक तरी निघतो, त्याला ओट्यावरूनच परत पाठवा. खोटं डिस्चार्ज बुक सापडलं की आधीचा ड्रग्जचा गुन्हा क्षुल्लक वाटेल अशी नवी केस उभी राहते.

हे सगळं करूनही पुष्कळदा पूर्ण यश मिळत नाही. पेन्शन मिळालं पण दर कमी, डिस्चार्ज झाला पण 'माजी सैनिक' म्हणून ओळख नाही, असे अर्धे निकालही लागतात. ते घ्या. दिवसाढवळ्या ट्रंक उघडता येणं एवढंही बऱ्याच घरांना पुरेसं होतं.

आज रात्री एवढंच करा: ट्रंक उघडा, ऑर्डर बाहेर काढा आणि तिच्यावरची तारीख बघा. मुदत कागदांवरच्या तारखांपासून मोजतात, गावाला कळल्याच्या तारखेपासून नाही.